ॲल्युमिनियम ब्लॉकमधले आटे गेलेत? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी सगळी पद्धत

बोल्ट आवळताना टॉर्क रेंचचा (ठरवलेला जोर आला की सांगणारा पाना) 'टक' आवाज यायची वाट बघताय आणि पाना नुसता फिरतोच आहे, जोर काही वाढत नाही, हाताला एकदम मऊ लागतंय, तर समजा आटे गेले. बोल्ट बाहेर काढला की त्याच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळल्यासारखी दिसते, ती तार म्हणजेच तुमच्या इंजिन ब्लॉकचे आटे. बोल्टला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं, कारण तो स्टीलचा.

इथे पहिलं काम म्हणजे हात थांबवा. 'अजून अर्धा फेरा मारून बघू, पकडेल' असं करत करत जे दोन-चार आटे खाली शिल्लक असतात ते पण जातात. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट घालणं, इपॉक्सी भरून त्यात बोल्ट चिकटवणं, जरा जाड बोल्ट ठोकून पिळणं, हे सगळे उद्योग करू नका. इपॉक्सी एखाद्या झाकणाच्या बारीक स्क्रूला कदाचित चालेल, पण जिथे बोल्टवर खरा ताण येतो तिथे ते इंजिन गरम झालं की सोडून देतं, आणि नंतर नीट रिपेअर करायला बसाल तेव्हा आधी ते खरवडत बसावं लागतं.

ब्लॉक मात्र भंगारात गेलेला नाही. भोक थोडं मोठं करून त्यात स्टीलचे आटे बसवायचे, त्याला इन्सर्ट म्हणतात, आपल्याकडे सरळ 'बुश मारला' म्हणतात. नीट बसवलेला इन्सर्ट मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतो, कारण ताण जास्त जाडीच्या ॲल्युमिनियमवर पसरतो आणि बोल्ट परत परत काढला-घातला तरी घासतं ते स्टील. विमानाच्या इंजिनांत तर नव्या ॲल्युमिनियम पार्टमध्ये कारखान्यातूनच असे इन्सर्ट घालून देतात. तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त एक लक्षात ठेवा, इन्सर्ट बसवायला दोन मिनिटं लागतात, खरं काम आहे मापं घेणं, भोक सरळ ठेवणं आणि धातूचा कीस बाहेर काढणं. वेळ तिकडे घालवा.

आटे जातात कशाने

सगळ्यात कॉमन कारण म्हणजे जास्त आवळणं, त्यातही इम्पॅक्ट गनने. दुसरं, बोल्ट तिरका लागलेला असताना पान्याने फिरवणं, म्हणून ॲल्युमिनियममध्ये कुठलाही बोल्ट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवायचा. तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, खाली बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असतं, वरून बोल्ट घातला की त्याला जायला वाट नाही, बोल्ट तळाला टेकल्यासारखा कडक होतो, रेंच 'टक' करतो पण खरी पकड आलेलीच नसते, आणि कधी कधी त्या दाबाने ब्लॉकला चीर जाते. मग गंज आहे, स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आणि मध्ये ओलावा आला की ॲल्युमिनियमची पांढरी पावडर होते आणि बोल्ट काढताना आटे घेऊनच बाहेर येतो.

आणि उष्णता. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन तापलं की बोल्टवरचा ताण आपोआप वाढतो, थंड झालं की कमी होतो, वर्षानुवर्षं हेच चालू. त्यात एकदा इंजिन जोरदार ओव्हरहीट झालं की आट्यांजवळचा धातू मऊ पडतो. कॅडिलॅकचं नॉर्थस्टार आणि टोयोटाचं २एझेड-एफई ही दोन इंजिनं हेड बोल्टचे (सिलिंडर हेड ब्लॉकवर धरून ठेवणारे बोल्ट) आटे ब्लॉकमधून उपटून येण्यासाठी मेकॅनिक लोकांत चांगलीच ओळखीची आहेत. तिथे कोणी जास्त आवळलं होतं असं नाही, आटेच दमतात.

आधी नीट बघा, मग ड्रिल उचला

बोल्ट काढा, भोकात टॉर्च मारा. वरचेच एक-दोन आटे चेपलेत आणि खालचे चांगले आहेत असं दिसलं तर इन्सर्टची गरजच नाही. थ्रेड चेझर मिळतो, तो आटे कापत नाही, फक्त जागेवर आणतो आणि घाण काढतो. साधा कटिंग टॅप (आटे कापायचं हत्यार) या कामाला वापरू नका, तो थोडं थोडं ॲल्युमिनियम खातोच आणि आटे ढिले करून ठेवतो.

आटे तळापर्यंत गेले असतील तर भोकाच्या आजूबाजूला चीर आहे का ते बघा. ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा, शंका असेल तर डाय पेनिट्रंटचा (चिरेत शिरून ती रंगाने दाखवतो) स्प्रे मारून तपासा. चीर असली तर इन्सर्टने काही होत नाही, तिथे वेल्डिंग करून परत मशिनिंग, म्हणजे मशीन शॉपचं काम. मेन बेअरिंग कॅपचे (क्रँकशाफ्ट धरून ठेवणारी झाकणं) आटे गेले असतील तरी मी म्हणेन घरी हात घालू नका. तिथे भोक केसाएवढं सरकलं तरी क्रँक त्याची किंमत मोजतो.

आता मापं. व्हर्नियरने बोल्टची जाडी घ्या आणि पिच गेजने पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला पिच बहुतेक १.०, ८ ला १.२५, पण १० ला १.५ पण असते आणि १.२५ पण, १२ ला तर १.७५, १.५, १.२५ तिन्ही सापडतात. इथे अंदाजपंचे गेलात तर चुकीचं किट आणाल. जुन्या अमेरिकन इंजिनात इंचाचे बोल्ट असतात ते वेगळंच. खात्री करायची सोपी युक्ती, त्याच रांगेतल्या चांगल्या भोकात बोल्ट हाताने पूर्ण जातो का बघा आणि मग तोच बोल्ट मोजा.

मग भोकाची खोली. व्हर्नियरची मागची पट्टी आत घालून तळापर्यंत मोजा आणि लिहून ठेवा, शेजारच्या चांगल्या भोकाची पण मोजा. हे माप विसरून चालणार नाही, कारण तळाच्या खाली काही मिलिमीटरवर वॉटर जॅकेट (पाण्याचा रस्ता) किंवा ऑइल गॅलरी (तेलाचा रस्ता) असू शकते आणि ड्रिल एकदा त्यात गेला की आगीतून फुफाट्यात. नियम एकच, मूळ भोकापेक्षा खोल जायचं नाही.

कुठला इन्सर्ट घ्यायचा

दोन मुख्य प्रकार. पहिला तारेचा, हेलिकॉइल हे त्याचं ब्रँडचं नाव पण सगळेच तारेच्या इन्सर्टला हेलिकॉइल म्हणतात. शंकरपाळ्यासारखा छेद असलेल्या स्टेनलेस तारेची ही स्प्रिंग असते, मोकळी असताना भोकापेक्षा जरा मोठी, आत फिरवताना दबते आणि बसल्यावर बाहेरच्या बाजूला ताणून धरते. फायदा हा की भोक फार मोठं करावं लागत नाही, ८ च्या बोल्टला ८.३ किंवा ८.४ चा ड्रिल, १० च्या बोल्टला १०.४ च्या आसपास. नेमका आकडा किटवर असतो, तोच पाळायचा. आणि टॅप पण किटमधलाच, तो बाजारातला साधा टॅप नाही, पिच बोल्टचीच पण बाहेरचा व्यास जास्त. १० मिलिमीटर १.५ पिचच्या इन्सर्टचा टॅप साधारण १२ मिलिमीटरचं भोक करतो.

दुसरा प्रकार म्हणजे सॉलिड बुश, आतून बाहेरून आटे असलेली स्टीलची नळी. टाइम-सर्ट हे त्यातलं प्रसिद्ध नाव. याला वर बारीक कॉलर असते, त्यामुळे तो खाली घसरत नाही, आणि बसवताना खालचे आटे ड्रायव्हरने बाहेर फुगवले जातात म्हणून बोल्ट काढताना बुश सोबत बाहेर येत नाही. किट महाग पडतं, ड्रिल-काउंटरबोअर-टॅप-ड्रायव्हर असं सगळं वेगळं लागतं.

माझं मत सरळ आहे. वॉटर पंप, टायमिंग कव्हर, सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं), ब्रॅकेट अशा ठिकाणी हेलिकॉइल मस्त चालतो, उगीच जास्त खर्च करू नका. हेड बोल्ट, आणि जो बोल्ट वारंवार उघडायचा आहे तो, उदाहरणार्थ सम्पचा ड्रेन प्लग, तिथे सॉलिड बुश. हेलिकॉइल हेड बोल्टला चालतच नाही असं नाही, लोक वापरतात, पण एवढं सगळं इंजिन खोलून परत त्याच जागेवर यायची वेळ नको.

लांबी पण निवडावी लागते. इन्सर्ट बोल्टच्या जाडीच्या एकपट, दीडपट, दुप्पट, तिप्पट अशा लांबीत मिळतात. ॲल्युमिनियममध्ये किमान दीडपट, जागा असेल तर दुप्पट, म्हणजे १० च्या बोल्टला २० मिलिमीटर. बोल्टवरचा ताण सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही, वरचे दोन-तीनच जास्त उचलतात, तरी मऊ धातूत लांबी कामाला येते.

आता काम

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. शक्य असेल तर भोक वर तोंड करून राहील असं ब्लॉक ठेवा. सिलिंडर, तेलाची भोकं, पाण्याचे रस्ते, सगळं कापडाने आणि टेपने बंद करा. हे कंटाळवाणं आहे पण ॲल्युमिनियमचा कीस एकदा ऑइल गॅलरीत गेला की तो बेअरिंगपर्यंत पोचणार.

ड्रिल सरळ धरायला आधार करा. नुसत्या हाताने, नजरेच्या अंदाजाने ड्रिल मारणं हीच ती जागा जिथे नवीन माणसाचं काम बिघडतं. ब्लॉक सुटा असेल तर मिलिंग किंवा रेडियल ड्रिल मशीनवर करून घेणं उत्तम. गाडीतच करायचं असेल तर गाइड लागतो. २०-२५ मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी, तिला लेथवर ड्रिलच्या मापाचं काटकोनातलं भोक, आणि शेजारच्या चांगल्या भोकांना बोल्ट लावून ती पट्टी ब्लॉकवर घट्ट बसवायची. हेड बोल्टसाठीच्या खास किटमध्ये गाइड प्लेट सोबतच येते. मॅग्नेटिक बेसचं मशीन इथे उपयोगाचं नाही, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे ऐनवेळी लक्षात येतं लोकांच्या.

ड्रिलवर खोलीची खूण करा. कॉलर मिळाली तर कॉलर, नाहीतर टेप, पण टेप कीस लागून वर सरकते त्यामुळे मधे मधे तपासा. ड्रिलच्या खाचांत थोडं ग्रीस भरा म्हणजे कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. स्पीड कमी. आधीचं भोक मोठं करताना ॲल्युमिनियम ड्रिलला एकदम आत खेचून घेतं, म्हणून दाबायचं तर नाहीच, उलट थोडं धरून ठेवायचं. लहान मापात तर मी ड्रिल टॅप हँडलमध्ये पकडून हातानेच फिरवायला सांगेन, आपण काढतोय ते जुन्या आट्यांचे अवशेष आणि थोडासा धातू, त्याला मशीनची काही गरज नाही. वंगण म्हणून केरोसीन किंवा डब्ल्यूडी-४० चालतं. कोरडं मारलं तर ॲल्युमिनियम ड्रिलच्या धारेवर चिकटून बसतं आणि भोक वाकडंतिकडं कापलं जातं. दर काही मिलिमीटरला ड्रिल बाहेर, पुसा, परत आत.

सॉलिड बुश असेल तर यानंतर काउंटरबोअर मारून कॉलरची जागा करायची. हेलिकॉइल असेल तर भोकाच्या तोंडाची धार नुसती हलकीशी मोडा.

मग टॅप. टॅपला भरपूर वंगण, दोन्ही हातांनी सारखा जोर, पहिले दोन फेरे झाले की थांबा आणि लहान गुण्या लावून दोन बाजूंनी बघा, एका बाजूने सरळ दिसणारा टॅप दुसऱ्या बाजूने झुकलेला असतो हे फार वेळा होतं. तिरका वाटला तर आत्ताच सुधारा, चार फेऱ्यांनंतर सुधारायला गेलात तर आटे रुंद होतील किंवा टॅप तुटेल. पुढे अर्धा फेरा, मागे पाव फेरा, असं करत कीस मोडत जायचा. बंद भोक असेल तर तीन-चार फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून साफ करा, आणि शेवटचे फेरे बॉटमिंग टॅपने, त्याचं टोक सपाट असतं म्हणून तळापर्यंत पूर्ण आटे पडतात. टॅप एकदम कडक झाला की समजा एकतर तळ आला किंवा कीस अडकला. जोर करू नका, मागे घ्या.

आता साफसफाई, आणि इथे आळस नको. आधी व्हॅक्यूमने ओढून घ्या, मग ब्रेक क्लीनर, मग बारीक नायलॉन ब्रश, परत क्लीनर. हवा मारायची असेल तर गॉगल लावून आणि भोकावर कापड धरूनच. पांढऱ्या कापडाची वात करून आत फिरवा, ती स्वच्छ बाहेर आली की झालं.

हेलिकॉइल बसवताना तो टूलवर चढवा, खालची आडवी शेपटी टूलच्या खाचेत बसली पाहिजे. खाली न दाबता नुसता फिरवत जा, दाबलं तर एखादा वेढा उडी मारून दुसऱ्या आट्यात जातो आणि मग पूर्ण इन्सर्ट काढून फेकावा लागतो. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेलं पाहिजे. उलटा फिरवायचा नाही, शेपटी तुटते. नीट बसला की पंच ठेवून एक हलका ठोका, शेपटी तुटते, आणि ती बाहेर काढायचीच. स्टेनलेसची असल्याने मॅग्नेटच्या भरवशावर राहू नका, काडीला ग्रीस लावून किंवा लांब चिमट्याने काढा. ती खाली राहिली तर बोल्ट तिच्यावर टेकतो. बोल्ट लांब असेल तर शेपटी नसलेले इन्सर्ट पण मिळतात, ते घेतलेत तर ही कटकटच नाही.

सॉलिड बुश ड्रायव्हरवर लावून, ड्रायव्हरला किटसोबतचं तेल लावून फिरवायचा. कॉलर टेकेपर्यंत सहज जातो, मग ड्रायव्हर जड लागायला लागतो, घाबरू नका, तिथे तो खालचे आटे फुगवत असतो, फिरवत राहा, हलका झाला की काम झालं. बुशच्या बाहेरच्या आट्यांना लाल लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावायचं का, तर किटच्या कागदावर सांगितलं असेल तरच, आणि लावलंच तर आतल्या आट्यात थेंब गेला नाही ना ते बघून, नाहीतर पुढच्या वेळी बोल्टसोबत बुश पण गोल फिरेल.

आवळण्याआधी

बोल्ट बोटांनी पूर्ण खाली गेला पाहिजे, मधे कुठे अडला तर कारण शोधा. भोकाच्या कडेला धातू वर आला असेल तर गॅस्केट बसणार नाही, बारीक ऑइलस्टोनने कडा घासून सपाट करा आणि स्ट्रेटएज लावून तपासा.

पहिल्यांदाच पूर्ण पार्ट जोडू नका. जाड वॉशर किंवा नळीचा तुकडा मधे घालून बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळून बघा, रेंच प्रत्येक टप्प्यावर ठाम 'टक' करतो का. ॲल्युमिनियममधल्या साध्या ६ मिलिमीटर बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर, ८ ला २० ते २५ एवढाच टॉर्क असतो, लोक मनगटाने याच्या दुप्पट मारून जातात आणि तिथूनच ही सगळी कहाणी सुरू होते. नेमका आकडा त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांचा टॉर्क दिला असेल आणि तुम्ही तेल किंवा अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावलं असेल तर त्याच टॉर्कला बोल्टवर ताण खूप जास्त येतो, हे पण ध्यानात असू द्या.

हेड बोल्टचं वेगळं आहे. बरेच हेड बोल्ट ताणले जाणारे असतात, ठरावीक टॉर्क आणि त्यानंतर ठरावीक अंश फिरवायचे, असे बोल्ट एकदा वापरले की संपले. नवीन सेट आणा, चाचणीला जुनेच वापरा आणि फक्त सुरुवातीच्या टॉर्कपर्यंत जा. बोल्टचं भोक वॉटर जॅकेटमध्ये उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर कूलंट बोल्टच्या कडेने वर झिरपतं. आणि ओव्हरहीट झालेल्या इंजिनात एका हेड बोल्टचे आटे उपटले असतील तर बाकीचे पण त्याच वाटेवर आहेत असं धरून चाला, सगळ्या भोकांना बुश मारून घेणं शहाणपणाचं.

काही बिघडलं तर

हेलिकॉइल चुकीचा बसला तर टोकदार चिमट्याने वरचा वेढा आत ओढून, उलटा फिरवत बाहेर काढता येतो, भोकाला काही होत नाही, नवीन घाला. भोक मोठं झालं आणि इन्सर्ट ढिला वाटतोय, तर अजून मोठ्या बाहेरच्या व्यासाचे बुश मिळतात, टाइम-सर्टवाल्यांचा बिग-सर्ट याच कामासाठी आहे. टॅप आत तुटला तर मात्र थांबा. तो कडक स्टीलचा असतो, ड्रिल त्याला लागत नाही, घसरून बाजूचं मऊ ॲल्युमिनियम खातो. बाहेर टोक दिसत असेल तर चिमट्याने हलवत मागेपुढे करून बघा, नाहीतर ब्लॉक स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या) मशीनवाल्याकडे न्या.

इंजिन चालू झाल्यावर पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला. मॅग्नेटवाला ड्रेन प्लग बसवला असेल तरी त्यावर काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, तो फक्त लोखंड पकडतो. जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात काढून उन्हात धरा, फिल्टर कापून त्याचा कागद पसरून बघा, चंदेरी चमक दिसली तर कीस आत राहिलाय, ती दिसेनाशी होईपर्यंत परत ऑइल आणि फिल्टर बदला. चमक वाढतच चालली तर गाडी चालवू नका, सम्प उघडून बेअरिंग बघा.